सोलरची टाकी, चार फोम आणि फसलेली डब्याची चाचणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला गच्चीवर नळ्यांचा सोलर आहे, टाकी २०० लिटरची. तिच्या पत्र्याखालचं पिवळं पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, जागोजागी ओलं होऊन भुसभुशीत झालंय आणि थंडीत सकाळी पाणी कोमट येतं. नवीन काय भरावं हे ठरवायला तुम्ही एक लिटरचे चार सारखे स्टीलचे डबे घेतले आणि प्रत्येकाच्या अंगाभोवती वेगळा फोम गुंडाळला: पफ आणि थर्माकोलचे पाइपवर बसवायचे २५ मिलिमीटरचे अर्धगोल, १९ मिलिमीटर नायट्रील रबर आणि १० मिलिमीटर ईपीई, म्हणजे पॅकिंगचा पांढरा फोम. ७० अंशांचं पाणी भरून झाकणं लावली आणि डबे ओट्यावर ठेवले. खोली २८ अंश. तीन तासांनी पफमध्ये ५३, थर्माकोलमध्ये ५२, नायट्रीलमध्ये ५० आणि ईपीईत ४८ अंश. तुमचा निष्कर्ष: सगळे जवळपास सारखेच, मग सगळ्यात स्वस्त थर्माकोलच लावतो.

तुमचे आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष दोन ठिकाणी चुकलाय आणि गंमत म्हणजे त्या दोन चुका एकमेकींच्या उलट दिशेला जातात. फोममधला फरक तुमच्या चाचणीत दिसला त्यापेक्षा बराच मोठा आहे. पण तुमच्या टाकीच्या बाबतीत तो फरक तुम्ही समजताय तितका महत्त्वाचा नाही.

आधी डब्यांचं बघू. तुमच्या डब्याचा व्यास साधारण साडेदहा सेंटिमीटर आणि उंची बारा धरतो. अंगाला २५ मिलिमीटर पफ असेल तर दर अंश फरकामागे अंगातून साधारण ०.०४३ वॉट उष्णता जाते. थर्माकोल असेल तर ०.०६४. म्हणजे थर्माकोल दीडपट गळतं. पण झाकण उघडं स्टीलचं आहे. पाण्याची वाफ झाकणाला आतून लागते, तिथे पाणी होते आणि आपली उष्णता पत्र्याला देऊन खाली टपकते. झाकणातून जाते सुमारे ०.०८ वॉट. बूड ग्रॅनाइटच्या ओट्यावर, तिथूनही तेवढीच. म्हणजे पफच्या डब्यातून एकूण ०.२० वॉट जातात आणि त्यातले ०.१६ पफच्या वाट्याला येतच नाहीत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! थर्माकोलच्या डब्याची बेरीज ०.२२. दीडपटीचा फरक दहा टक्क्यांवर आला आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर तो एका अंशात दाखवतो, जी त्या थर्मामीटरची स्वतःची चूकही असू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे जाडी. १० मिलिमीटर ईपीई आणि २५ मिलिमीटर पफ यांची तुलना ही फोमची तुलना नाहीच. ईपीई ४८ वर आला तो मुख्यतः पातळ होता म्हणून.

चाचणी पुन्हा करायची असेल तर अशी करा. प्रत्येक फोमच्या सपाट शीटची चौकोनी पेटी बनवा, आतलं माप १२ बाय १२ आणि उंची १४ सेंटिमीटर. बूड आणि झाकणही त्याच फोमचं, जाडी सगळीकडे २५ मिलिमीटर. पातळ शीट मिळाली तर थर चढवा, पण थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. बाहेरून सगळे सांधे चिकटपट्टीने बंद करा. आत तोच डबा. झाकणाला थर्मामीटरच्या वायरीपुरतंच भोक पाडा आणि तेही बंद करा. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, म्हणजे वाचायला झाकण उघडावं लागणार नाही. सगळ्या पेट्या एकाच वेळी, एकाच खोलीत, पंखा बंद करून ठेवा. गरम पाणी भरल्यावर पहिली वीस मिनिटं सोडून द्या, कारण तेवढ्या वेळात डबा आणि फोम स्वतः तापतात. त्यानंतर ७० अंशांपासून मोजायला सुरुवात करा आणि सहा तास थांबा. हिशोबाने पफच्या पेटीत ५४ च्या आसपास आणि थर्माकोलच्या पेटीत ५० च्या आसपास उरायला हवेत. पफ ५४ च्या फारच खाली गेलं तर एक तर सांधा उघडा आहे किंवा दुकानदाराने पफ म्हणून दुसरंच काही दिलंय.

आता मुळातला प्रश्न: कोणता फोम किती उष्णता अडवतो. यासाठी उष्णतावाहकता हा एकच आकडा लागतो. बाजारात त्याला के-व्हॅल्यू म्हणतात, एकक वॉट प्रति मीटर-केल्विन. जितका कमी तितका चांगला. पॅनेलचं ताजं पफ ०.०२२ ते ०.०२५. त्याचाच भाऊ पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट) तेवढाच, फक्त जास्त तापमान सोसतो. एक्सपीएस, म्हणजे ती निळी किंवा गुलाबी गुळगुळीत शीट, ०.०२९ ते ०.०३५. थर्माकोल घनतेप्रमाणे ०.०३३ ते ०.०४०. नायट्रील रबर ०.०३४ ते ०.०३८. ईपीई ०.०३५ ते ०.०४५. गादीचा मऊ फोमही साधारण याच पट्ट्यात येतो, पण त्याचे कप्पे उघडे असतात, त्यामुळे दमट हवा आणि पाणी त्यात सहज शिरतं. या कामासाठी तो विसरा.

हे आकडे असे एकमेकांजवळ का, हे कळलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही. फोम उष्णता अडवत नाही, फोमच्या कप्प्यांत अडकलेला वायू अडवतो. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५ च्या आसपास आहे. त्यात कप्प्यांच्या भिंतींतून जाणारी थोडी आणि भिंतींमधून प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, आरपार जाणारी थोडी मिळवली की हवेने भरलेला साधा फोम ०.०३० च्या वरच जातो. त्यामुळे थर्माकोल किंवा ईपीईवर कोणी ०.०२२ छापलं असेल तर ते चुकीचं आहे, यात चर्चेला जागा नाही. पफ त्याखाली जातं कारण त्याच्या बंद कप्प्यांत हवा नसते; फोम फुगवताना वापरलेला जड वायू असतो. पूर्वी यासाठी ओझोन थराला घातक रसायनं वापरायचे. त्यातल्या एचसीएफसी-१४१बीचा वापर भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. आता सायक्लोपेंटेनसारखे पर्याय चालतात. सायक्लोपेंटेनची वाहकता हवेच्या जवळपास निम्मी आहे.

यातच पफची एक खोडही लपलीय. तो वायू वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतो आणि हवा आत येते. दोन्ही बाजूंना पत्रा असेल, जसा तुमच्या टाकीला, तर हे फार सावकाश होतं. उघड्या, कापलेल्या पफच्या शीटला मात्र काही वर्षांत ०.०२६ ते ०.०२८ धरावं. तरीही ते थर्माकोलच्या पुढेच राहतं.

पत्रकावरचा आकडा वाचताना तीन गोष्टी तपासा. पहिली, एकक. जुने विक्रेते अजून किलोकॅलरीत सांगतात. त्या आकड्याला १.१६३ ने गुणलं की वॉटमधला आकडा येतो. म्हणजे त्यांचं ०.०२० हे आपलं ०.०२३. दुसरी, कोणत्या तापमानाला मोजलंय. बऱ्याच पत्रकांवर १० अंशांचा आकडा असतो. तुमच्या टाकीत आत ६०-६५ आणि बाहेर १५, म्हणजे फोमचं सरासरी तापमान ४० च्या आसपास. थर्माकोलसारख्या फोममध्ये तेवढ्याने वाहकता दहा-बारा टक्के वाढते, ०.०३५ चं ०.०३९ होतं. तिसरी, अमेरिकन आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णतेला होणारा विरोध; हा आकडा जितका जास्त तितका चांगला. इंटरनेटवर 'इंचाला आर-६' असं दिसेल. त्या आर-व्हॅल्यूला ५.६८ ने भागलं की तो विरोध आपल्या एककात येतो, आणि मीटरमधल्या जाडीला त्याने भागलं की के-व्हॅल्यू. दोन वेगवेगळ्या एककांतले आकडे शेजारी ठेवून लोक हमखास घोळ घालतात.

थर्माकोलबद्दल एक जास्तीची गोष्ट, कारण तुम्ही तेच घ्यायला निघालात. थर्माकोल म्हणजे एकच वस्तू नाही. गणपतीच्या मखराला वापरायचे तो आणि कोल्ड स्टोरेजच्या भिंतीतला, यांत घनतेचा दुपटीहून जास्त फरक असू शकतो. घनता कमी झाली की कप्प्यांच्या भिंती इतक्या पातळ होतात की प्रारणाने उष्णता आरपार जाते. १५ किलो प्रति घनमीटरच्या खाली वाहकता झपाट्याने चढते. दुकानात वजनकाट्यावर तपासायला सोपं आहे. १ मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिलिमीटर जाडीची शीट १५ घनतेची असेल तर ३७५ ग्रॅम भरायला हवी. २२५ भरली तर घनता ९ आहे आणि ती शीट पॅकिंगसाठीच आहे. थर्माकोलचं भारतीय मानक आयएस ४६७१ आहे, तयार पफ आणि पीआयआर शीटचं आयएस १२४३६. बिलावर मानक आणि घनता दोन्ही लिहून मागा.

आता तुमच्या टाकीवर येऊ, कारण खरा निकाल तिथे लागतो. आतल्या टाकीचा व्यास ४५० मिलिमीटर आणि लांबी १२५० धरली तर जवळपास २०० लिटर होतात. संध्याकाळी पाच वाजता पाणी ६० अंश, रात्रभर बाहेर सरासरी १५ अंश, सकाळी सात वाजता वापर: चौदा तास. २०० लिटर पाणी एक अंश उतरायला ०.२३ युनिट उष्णता जावी लागते. तर कोरडं, सलग ५० मिलिमीटर पफ असेल तर टाकीच्या अंगातून सुमारे ४८ वॉट जातात, चौदा तासांत ०.६८ युनिट. पाणी साधारण ३ अंश उतरतं. तेवढ्याच जाडीचं थर्माकोल किंवा नायट्रील असेल तर ७४ वॉट, आणि उतार साडेचार अंशांचा.

म्हणजे सर्वांत चांगल्या आणि साध्या फोममध्ये एका रात्रीत दीड अंशाचा फरक! महिन्याला दहा युनिटं. नहाणीघरात बादलीत हात घालून हा फरक कोणालाही कळणार नाही.

मग फरक कुठे पडतो? टाकी पूर्ण उघडी असेल तर तेच पाणी सकाळी जेमतेम २८ अंशांवर येतं. तिला नुसतं १० मिलिमीटर ईपीई गुंडाळलं तर ४६. ५० मिलिमीटर पफ केलं तर ५७. १०० मिलिमीटर पफ केलं तर ५८ च्या थोडं वर. पहिले दहा मिलिमीटर १८ अंश वाचवतात आणि शेवटचे पन्नास मिलिमीटर सव्वा अंश. जाडी दुप्पट केल्याने बचत दुप्पट होते हा समज इथेच सोडून द्यावा. घरगुती टाकीला ५० मिलिमीटर पुरेसं आहे, त्यापुढचे पैसे पाइपांवर घालवा.

तुमची टाकी कोमट पाणी देतेय त्याचं पहिलं कारण ओलं पफ. पाण्याची वाहकता ०.६, कोरड्या पफच्या पंचवीसपट. किती ओलं झालंय ते मोजता येतं. पत्रा उघडून खालच्या बाजूने १० बाय १० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर जाडीचा तुकडा सुरीने कापा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. कोरडा असेल तर २० ग्रॅमच्या आसपास भरेल. ६० भरला तर ४० ग्रॅम पाणी आहे, म्हणजे आकारमानाच्या आठ टक्के. असं पफ उन्हात वाळवून परत बसवू नका. कप्पे फुटल्याशिवाय एवढं पाणी आत जात नाही आणि फुटलेले कप्पे वाळवल्याने जुळत नाहीत.

आणि ते पाणी आलं कुठून, हे शोधल्याशिवाय नवीन फोमला हात लावू नका. नळ्यांच्या सोलरमध्ये नेहमीचे संशयित दोन. नळी टाकीत जिथे घुसते तिथलं रबरी गॅस्केट कडक होऊन थेंब-थेंब गळतं आणि ते पाणी बाहेर न दिसता पफमध्ये मुरतं. दुसरा, आतल्या टाकीच्या वेल्डिंगची शिवण. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर आधी तीच जाते. ओलं पफ फक्त नळ्यांच्या रांगेला असेल तर गॅस्केट. टोकाच्या गोल झाकणाजवळ किंवा लांबीच्या शिवणीवर असेल तर वेल्डिंग. वेल्डिंग गेलं असेल तर फोमवर खर्च करण्यात अर्थ नाही, टाकी बदला.

दुसरं कारण सलगपणा. टाकीचं दोन टक्के अंग उघडं राहिलं, म्हणजे सुमारे २० बाय २० सेंटिमीटर, दोन पंजे शेजारी ठेवल्यावर झाकेल एवढी जागा, तर तिथून दर अंशाला ०.४२ वॉट जातात. पफने झाकलेल्या अख्ख्या टाकीतून १.०८ जातात. म्हणजे दोन पंजांएवढी फट ठेवली की पफ आणि थर्माकोलमधल्या फरकाचे तीन-चतुर्थांश संपले. असे उघडे तुकडे कुठे असतात? टाकीचे पाय, हीटर कॉइलचं तोंड, नळांचे सॉकेट आणि टोकाची झाकणं. हीटरच्या तोंडावर फोमची काढता येणारी टोपी बनवा, कायमची बुजवू नका, कारण कॉइल बदलायची वेळ येणारच. फक्त वायरिंगच्या जोडाला फोमने झाकून दाबू नका, तो गरम होतो.

याच मुद्द्यावर सपाट थर्माकोलचा पत्ता कटतो. गोल टाकीवर सपाट शीट कधीच टेकत नाही. मागे वाकडी-तिकडी पोकळी राहते. त्या पोकळीत खालून थंड हवा शिरते, टाकीला लागून तापते आणि वरच्या फटीतून निघून जाते. बाहेरून सगळं झाकलेलं दिसतं आणि आत धुराडं चालू. शिवाय थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही ७५ ते ८० अंशांच्या वर मऊ पडून आकसतात. मे महिन्यात घर आठ दिवस बंद असेल तर नळ्यांच्या टाकीतलं पाणी ९० च्या पुढे जातं. सुट्टीवरून परत येईपर्यंत थर्माकोलने टाकी सोडलेली असेल. त्यामुळे टाकीला थेट चिकटून हे दोन्ही नकोत. पफ आणि नायट्रील शंभर-एकशेपाच अंशांपर्यंत चालतात, म्हणून निवड या दोघांतच आहे.

बाहेरचं पत्र्याचं आवरण धड असेल तर पफ भरणं सर्वांत चांगलं. तुमच्या टाकीत आणि आवरणात सुमारे १२२ लिटर पोकळी आहे. तयार पफची घनता ४० धरली तर ४.९ किलो, गळती आणि जास्तीचा दाब धरून साडेपाच किलो मिश्रण लागेल. दोन द्रव येतात, पॉलिऑल आणि आयसोसायनेट. प्रमाण साधारण एकास एक ते एकास एक पूर्णांक एक-दशांश, वजनाने. डब्यावर जे लिहिलं असेल तेच पाळा. डोळ्याच्या अंदाजाने किंवा लिटरच्या मापाने ओतू नका, दोन्हींची घनता वेगळी असते. आयसोसायनेट कमी पडलं तर फोम मऊ राहून नंतर आकसतो, जास्त झालं तर ठिसूळ होतो.

ओतण्याआधी आतली टाकी बाहेरून कोरडी, कोमट आणि आत पाण्याने भरलेली हवी. भरलेली अशासाठी की फुगणाऱ्या फोमचा दाब आतल्या पातळ पत्र्याला पोचे पाडू शकतो. बाहेरच्या आवरणाला दोन-तीन पट्टे आवळा, नाहीतर पिंपासारखं पोट सुटतं. नळ्यांच्या भोकांतून आणि सांध्यांतून फोम बाहेर येऊ नये म्हणून ती आधी बंद करा, पण सर्वांत वरच्या बाजूला हवा जायला दोन बोटभर भोकं ठेवा. हवा निघाली नाही तर नेमकी वर पोकळी राहते, जिथे पाणी सर्वांत गरम असतं. सगळं एकदम ओतू नका, तीन खेपांत ओता. द्रव २० ते २५ अंशांवर असावेत. नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी बाहेर ठेवलेले डबे थंड असतात. त्या द्रवांचा फोम अर्धाच फुगतो आणि घट्ट, जड होतो. दुपारी काम करा. हातमोजे, चष्मा आणि रसायनांच्या वाफेसाठीचा मास्क हवाच. आयसोसायनेटची वाफ दम्याच्या माणसाला चांगलीच बाधते. हे काम करणारा माणूस मिळत असेल तर त्यालाच द्या.

एक चूक मात्र फार लोक करतात. हार्डवेअरच्या दुकानातला दरवाजा-खिडकीच्या फटी भरायचा स्प्रे फोम आणून टाकीत मारतात. ७५० मिलिलिटरचा डबा मोकळा फुगून तीस-चाळीस लिटर होतो, म्हणून तीन-चार डब्यांत काम होईल असं वाटतं. पण तो फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. बंद पोकळीत, जाड थरात ओलावा आतपर्यंत पोचत नाही. वर साल धरते, आत महिनाभर चिकट लगदा राहतो आणि मग खाली बसतो. फटीला तो छान आहे, टाकीला नाही.

आवरण गंजलं असेल किंवा पफ ओतायची भीती वाटत असेल तर नायट्रील रबराचे २५ मिलिमीटरचे दोन थर द्या. दीड अंशाचा तोटा सोसा, काम मात्र घरच्या घरी आणि हमखास जमतं. पहिल्या थराचं माप फितीने घेऊ नका. त्याच रबराची पट्टी टाकीभोवती न ताणता गुंडाळा, जिथे टोक टेकेल तिथे खूण करा आणि वर पाच-सात मिलिमीटर जास्त ठेवून शीट कापा. सांधा दाबून बसला पाहिजे. शीट ताणून चिकटवली तर ती पुढच्या दोन-तीन महिन्यांत मागे सरते आणि सांधा बोटभर उघडतो. दुसऱ्या थराचा सांधा पहिल्याच्या विरुद्ध बाजूला. चिकटवायला रबराचा गम दोन्ही पृष्ठांना लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग एकदाच नीट दाबा. टाकी त्या वेळी थंड हवी आणि पुढे दीड दिवस थंडच राहायला हवी. नळ्यांवर जुनी चादर टाका.

उघड्यावर नायट्रील ऊन सोसत नाही. एक-दोन उन्हाळ्यांत वरची साल फुटते. वर ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, सांधे खालच्या बाजूला येतील असे, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. पत्रा नको असेल तर फायबर ग्लासचं कापड आणि त्यावर ऊन-पावसाचा पांढरा रंग. तो रंग दोन-तीन वर्षांनी परत द्यावा लागेल. चकचकीत फॉइल लावलेला पातळ फोम 'उष्णता परतवतो' म्हणून विकतात. फॉइलसमोर मोकळी हवेची जागा असेल तरच ती परतवते. दोन थरांमध्ये दाबून बसवलेली फॉइल म्हणजे नुसतंच ॲल्युमिनियम.

आता ज्याचा तुम्ही उल्लेखही केला नाही ते पाइप. टाकीतून निघून वर जाणारा पाऊण इंची उघडा पाइप गरम पाण्याला स्वतःकडे खेचत राहतो: आत गरम पाणी चढतं, थंड होऊन परत येतं, हे रात्रभर चालतं. अशा एका मीटरमागे ३० वॉट जातात. असे दोन मीटर असले तर पफ केलेल्या अख्ख्या टाकीपेक्षा पाइपच जास्त उष्णता घालवतो. १३ मिलिमीटर नायट्रीलची नळी चढवली की ते ११ वॉटवर येतं. १९ मिलिमीटर चढवली तर ९ वर. म्हणून पाइपाला १३ पुरे, पण एकही एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडा सोडू नका. शक्य असेल तर टाकीतून निघताच पाइप हातभर खाली वळवून मग न्या. गरम पाणी खाली उतरत नाही, त्यामुळे फिरणं आपोआप थांबतं. व्हेंट पाइपला, म्हणजे टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपला, फोम जरूर लावा, पण त्याचं तोंड कधीही बंद करू नका.

नळ्यांमधूनही रात्री थोडी उष्णता जाते आणि ती किती हे नळ्यांच्या निर्वातावर, म्हणजे दोन काचांमधल्या हवा काढलेल्या पोकळीवर, अवलंबून आहे. ज्या नळीच्या बुडाचा चंदेरी डाग पांढरा पडलाय तिचा निर्वात गेला, ती बदला. गच्चीवर वारा किती, टाकी रात्री भरलेली असते की अर्धी वापरलेली, यावरही बरंच ठरतं. त्यामुळे वरचे तीन आणि साडेचार अंश फक्त टाकीच्या अंगाचे आहेत. सगळं धरून उतार त्याच्या दुप्पट निघाला तर घाबरू नका.

काम करण्याआधी आणि नंतर एकदा मोजाच. ज्या रात्री घरात कोणी गरम पाणी वापरणार नाही अशी रात्र निवडा. संध्याकाळी गच्चीवरच, टाकीजवळच्या नळातून आधी पाइपात साचलेलं पाणी सोडा, मग तपेल्यात पाणी घेऊन लगेच तापमान टिपा. सकाळी उजाडायच्या आत तेच. बाहेरचं तापमानही दोन्ही वेळा लिहा. उतार भागिले संध्याकाळचा आतला-बाहेरचा फरक, एवढा एकच आकडा वहीत ठेवा. डिसेंबर आणि मार्चच्या रात्री त्याशिवाय एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. तो तुकडा कापून काट्यावर ठेवला की वजन आणि कुठल्या बाजूने कापला ते कळवा, म्हणजे गॅस्केट की वेल्डिंग ते सांगता येईल.